मैनेच्या आयाळीतला जरीचा धागा

सुजे, माय माझी,

हे पत्र तुले पोचत नाई, हे मले समजते. एवढाही येडा झालो नाई मी. पण उद्या तुले जाऊन वर्ष होते, अन् उद्या त्या नागपूरच्या बाई येऊन राह्यल्या. तुझी माय वस्तीत सांगाले गेली, सकाळी विहारात या म्हणून. घरात मी एकटा अन् गोठ्यात मैना. उद्या चार लोकायसमोर जे बोलाचं आहे, ते आधी तुझ्याजवळ बोलून पाहातो. तुझ्याजवळ निघालं तर तिथंही निघन.

कागद तुझ्याच वहीचा आहे. सफर करून आलेले पाहुणे जाताना जिच्यात दोन ओळी लिहून जात, ती वही. मागची पानं कोरी होती. पुढची मी आज पहिल्यांदा वाचली. हैदराबादच्या एकानं लिहून ठेवलं, 'दरी सुंदर, घोड्या शहाण्या, मुलगी त्याहून शहाणी, चहात साखर फार.' चहा मी करत होतो ना वं! तू कधी सांगतलंच नाई मले.

अक्षराले हसू नको. सातवी झालेल्या माणसाचं अक्षर असंच असते.

तू पहिल्यांदा म्हणली होती, बाबा, आपल्या घोड्यायवर पाहुणे बसवून दरी दाखवू. तवा मी किती हासलो! फुलसावंगीच्या पुढं त्या डोंगरात कोण येते मराले, असंच म्हणलो होतो. तोंडाले आलं ते बोललो. आता तो शब्द आठवला की जीभ जळते.

तू ऐकते थोडीच! जिथं घोडसवारी शिकवतात तिथं जाऊन तीन महिने राहून आली. डोक्यात घालाच्या टोप्या आणल्या, फाट्यावर पाटी लावली. अन् लोक आले बाप्पा! नागपूरहून आले, अमरावतीहून आले, पळस फुलला की तर विचारूच नको. त्यायले घेऊन तू मोहाच्या झाडायखालून, नाल्यातून, वरच्या कड्यापर्यंत जात होती, कोणतं पाखरू बोलून राह्यलं ते सांगत होती. अन् मी गोठ्यात बसून तुझ्या मायले म्हणत होतो, माझ्या वरातीच्या घोड्या पोट्टीनं हमाल करून टाकल्या.

वरात म्हणजे माझ्यासाठी काय होतं, ते तुले माहीत होतं. तुझ्या आज्याच्या लग्नाले गावातल्या घोडीवाल्यानं घोडी देल्ली नाई. तुमच्या वस्तीत आमची घोडी येत नाई, म्हणे. आजा पायी गेला. पुढं हातात काही आलं, तर त्यानं सगळ्यात आधी घोडी आणली. घराले धड दार नव्हतं अन् दारात घोडी! वस्तीले शब्द देल्ला त्यानं, आपला एकही नवरदेव आता पायी जाणार नाई. त्याच्यामागं तो शब्द मी चालवला. मले त्याचा गर्व होता. अजूनही आहे, तुझ्याजवळ कायले खोटं बोलू?

मैना माझीच तयार केलेली. ताशा वाजला की ती दोन पायांवर उभी राहे. नवरदेव वर, पुढचे दोन्ही पाय हवेत, लोक येडे होत. तू तिले मागून घेतली अन् ते सगळं तिच्या अंगातून काढलं. रोज सकाळी तेलाचा रिकामा डबा तिच्या कानाजवळ बडवत होती. ती हालली नाई की गुळाचा खडा. आठ महिने चाललं होतं ते! शेजारचे म्हणत, बापूच्या पोट्टीचं डोकं फिरलं. तू मले समजावून सांगे, "बाबा, डोंगरात ताशाचा आवाज कुठूनही येते. खाली गावात लग्न असते. मैना आता वरातीत जाणार नाई. एकदा गेली की सगळं परत येईन."

मी हो म्हणलो होतो. कोणी बळजबरी केली नव्हती माझ्यावर.

आता खरं ऐक.

त्या आठवड्यात तू खोगीर शिवून आणाले दोन दिवस यवतमाळले गेलती. इकडं वरातीची आपली दुसरी घोडी, बिजली, लंगडली. खुरात काटा गेला, पाय टेकवे ना. अन् त्याच संध्याकाळी माझ्या दोस्ताच्या, किसनाच्या नातवाची वरात. किसना दारात येऊन उभा राह्यला.

"बापू, दुसरी घोडी शोधाले आता टाइम नाई. पोट्ट्याले पायी नेऊ का?"

"पायी कायले? मैना आहे ना."

"सुजी रागावन ना बे."

"सुजीले सांगते कोण?"

सुजीले सांगते कोण, हे मी म्हणलो, बेटा. किसना नाई.

मैनेवर झूल टाकली, आयाळीत जर गुंफली, पायात चाळ बांधले. ताशा वाजला अन् ती नुसती उभी राह्यली. कान हालवले, पण पाय उचलला नाई. तुझा गूळ आठवत असन तिले. कोणीतरी म्हणलं, बापूची घोडी म्हातारी झाली का? ते मले सहन झालं नाई. मी जुनी खूण केली. लगाम वर ओढला, टाळूले जीभ लावून आवाज काढला. एकदा केला, दोनदा केला. तिसऱ्यांदा ती उठली. माय वं, काय उठली! मग विहारापर्यंत ती थांबलीच नाई, ताशा वाजला की उभी. मी फेटा काढून हवेत उडवला. तुझे आठ महिने मी एका संध्याकाळी खाऊन टाकले, अन् मले आनंद झाला होता.

रातच्या रात झूल पेटीत गेली, चाळ पेटीत गेले. घरी तुझ्या मायले म्हणलो, बिजलीलेच नेलं हळूहळू चालवत. ती वरातीत नव्हती, तिनं मानलं. अन् लोकायले झुलीखाली दोघी सारख्याच दिसतात.

तू आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैनेले खरारा करून राह्यली होती.

"बाबा, ही दमल्यासारखी काहून वाटून राह्यली?"

"ऊन लागलं असन."

मग तू तिच्या आयाळीतून बोटभर जरीचा धागा काढला. उजेडात धरला.

"हे कुठून आलं?"

"खराऱ्याले चिपकलं असन. बिजलीचा जुना खरारा आहे तो."

तू माझ्याकडं पाह्यलं. किती वेळ पाह्यलं वं! मग तो धागा खिडकीत ठेवला अन् म्हणली, "आज नागपूरच्या शाळेच्या एक बाई आहेत. गुडघा दुखते त्यायचा. उंबराच्या वळणावर मी सगळ्यायले खाली उतरवते, पण त्यायले चढउतर जमत नाई. मैना आहे म्हणून बसूनच नेते. नेऊ ना?"

अन् मी म्हणलो, "ने."

थांब म्हणाले तेवढाच वेळ लागला असता, सुजे. तू चिडली असती, आठ दिवस माझ्याशी बोलली नसती, पाहुण्यायचे पैसे वापस केले असते. बस, एवढंच झालं असतं!

उंबराच्या वळणावर वाट एका घोड्यापुरती. एका अंगाले डोंगर, दुसऱ्या अंगाले काहीच नाई. पाहुण्याले भेव वाटू नये म्हणून तू नेहमी दोर धरून दरीच्या अंगानंच चालत होती. खाली गावात नवरदेव निघाला अन् ताशा वर आला. मैना उभी राह्यली. बाई किंचाळल्या, त्यायनं लगाम ओढला. तू बाईले डोंगराच्या अंगाले ढकललं. त्या पडल्या, हाताले खरचटलं, वाचल्या. तू खाली गेली.

मी पोचलो तवा मैना त्याच जागेवर होती, चारी पायांवर, थरथर कापत. मी पहिले तिलेच पाह्यलं. खाली पाहाची हिंमत नव्हती माझ्यात.

पंचनामा कराले आलेल्या माणसानं विचारलं, काय झालं असन? मी म्हणलो, घोडी बिचकली. त्यानं तसंच लिहून घेतलं.

अन् तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्या बाई आल्या. हाताले पट्टी. सगळ्यायसमोर माझे पाय धरले. "काका, सुजातानं मला सांगितलं होतं, काही झालं तरी लगाम ओढू नका. मी ओढला. माझ्यामुळे गेली ती." तुझी माय रडून राह्यली होती, वस्ती ऐकून राह्यली होती. तोच टाइम होता बोलाचा. मी काय म्हणलो, माहीत आहे? मी म्हणलो, "उठा बाई. होऊन गेलं ते. आमच्या मनात काही नाई."

माफ केलं मी त्यायले! माझा गुन्हा त्यायच्या पदरात टाकला अन् वरून माफी देल्ली. लोक म्हणाले, बापूचं मन मोठं. थूत् माझ्या मनावर.

वर्षभर त्या बाई फोन करून राह्यल्या. तब्येत कशी आहे, आईला औषध मिळालं का, काही पाहिजे का. शाळा सोडली त्यायनं. पोरं पायऱ्यायवरून उतरताना दिसली की धावत जाऊन त्यायचे हात धरत होत्या, म्हणे. मी ऐकतो अन् म्हणतो, हो बाई, हो बाई. फोन ठेवला की जेवण जात नाई. मग संध्याकाळी जाते. हेच तर वाईट आहे, सुजे, जेवण जाते. माणूस किती बेशरम असते!

तुझी माय मैनेचं तोंड पाहात नाई. हत्यारी म्हणते तिले. पाणी मीच पाजतो. मी गोठ्यात गेलो की ती माझ्या खिशाले नाक लावते, गूळ शोधते. तुझी सवय. परवा मुकुटबनकडचा एक वरातवाला तिले नेणार आहे. तुझ्या मायनंच ठरवलं, मी मान हालवली. पुन्हा चाळ, पुन्हा ताशा, पुन्हा दोन पायांवर. मी केलेलं पाप मी त्या मुक्या जनावराच्या गळ्यात बांधून लावून देत होतो.

किसनाले सगळं माहीत आहे. तो बोलला नाई, मी सांगतलं नाई. आता रस्त्यात भेटलो की तो चपलेकडं पाहाते अन् मी आभाळाकडं. चाळीस वर्षांचा दोस्त होता तो माझा.

एक विचारू का? तुले समजलं होतं का वं, त्या सकाळी? बिजलीच्या आयाळीत मी कधी जर गुंफत नाई, तिच्या डोक्यावर नुसता तुरा असते. लहानपणापासून तूच तर लावून देत होती तो तुरा! मग खराऱ्यात जर कुठून येईन? तुले समजलंच असन. मग भांडली काहून नाई? साऱ्या जगाशी भांडत होती, फाट्यावरच्या पाटीसाठी सरपंचाशी भांडली, अन् त्या दिवशी बापाशी भांडाले काय झालं होतं तुले? बाप आपल्या जिवाशी खेळणार नाई, असं वाटलं का?

का समजलंच नाई? रोज वर्षभर मी हेच इकडून तिकडं फिरवून पाहातो. समजलं असन तर तू माझ्या भरवशावर मेली. नसन समजलं, तरी माझ्याच भरवशावर मेली. दोन्हीकडून मीच येतो.

माझ्या शब्दाची आता काय किंमत, पण देतो. उद्या वंदना झाली की मी उभा राहीन. पहिले त्या बाईले सांगीन, लगामानं काही झालं नाई बाई, घोडीले मी उठवलं होतं, दोनच दिवस आधी, या हातानं. मग तुझ्या मायकडं पाहून सांगीन. ती घरात ठेवन का नाई, मले माहीत नाई. नाई ठेवलं तर गोठा आहे. मैना कुठंच जाणार नाई. तिच्या पायात चाळ पडणार नाई, तिच्यासमोर ताशा वाजणार नाई. बिजली म्हातारी झाली, तिच्यामागं दुसरी घोडी मी आणणार नाई. वस्तीतला नवरदेव पायी जाईन. आज्याचा शब्द माझ्या हातानं मोडन, अन् त्या नवरदेवासंग मी पायी चालीन, मान खाली घालून.

तो धागा अजून खिडकीतच आहे. तुझी माय रोज ती खिडकी पुसते, धागा उचलते, पुसते, परत तिथंच ठेवते. एका दिवशी मी फेकाले गेलो तर माझ्या हातावर मारलं तिनं. "सुजीनं ठेवला होता तो," म्हणे, "तिच्या हातचं शेवटचं आहे."

तो काय आहे, ते तिले माहीत नाई. उद्या मी तो मुठीत घेऊन विहारात जातो, अन् तिच्याच हातावर ठेवतो.

तुझा खोटारडा बाप,
बापू