दुधातली गोळी

बाबा, आईची मांजर मेली. माझ्या हातानं मेली. हे आधी तुम्हालाच सांगते, कारण गोळी तुमच्या पद्धतीनं दिली होती.

तुम्ही गेल्यावर आई माझ्याकडे मोर्शीला आली आणि वर्षभरात ही पांढरी मांजर तिच्या मांडीवर येऊन बसली. आई माझ्याशी दिवसातून चार वाक्यं बोलायची, मांजरीशी दिवसभर. मागच्या शुक्रवारी मांजर काही खाईना. अंग तापलेलं, मानेखाली हात लावू देईना. पिशवीत घालून सरकारी दवाखान्यात नेली, तर डॉक्टर गायीबैलांना लस टोचायला खेड्यावर गेलेले. तिथला माणूस म्हणाला, "मांजरीचं इथं कोनी पाहत नाही बाई, अमरावतीले न्या." अमरावतीच्या डॉक्टरांना फोन लावला. तपासणी, रक्त, सलाईन, वर जायची-यायची गाडी. एवढे पैसे हातात नव्हते. पगाराला चार दिवस होते. म्हटलं, पगार झाला की नेऊ.

आणि तुम्ही आठवलात. वांग्याच्या वाफ्याजवळ बकरी निपचित पडली आहे, तुम्ही तापाची गोळी गुळात चुरताय, आणि मी विचारतेय, डॉक्टरला बोलवायचं का? "काहून वं? मी मेलो का?" असे खेकसता तुम्ही. संध्याकाळी बकरी उठून पाला खाते. सगळी आळी आपली ढोरं तुमच्याकडे आणायची. तुमच्या हाताला गुण आहे म्हणायची. का ती आपसूकच बरी व्हायची, बाबा? हे कधी विचारायचं सुचलंच नाही.

मांजर काही गूळ खात नाही, म्हणून शनिवारी सकाळी आई अंघोळीला गेली तेव्हा मी गोळी दुधात खलली. तिनं तोंड फिरवलं, तर जबडा धरून चमच्यानं पाजली. दुपारपर्यंत तिचं तोंड सुजलं, हिरड्या काळपट पडल्या, धाप लागली. मग कसला पगार अन् कसलं काय! शेजाऱ्यांची गाडी मागून अमरावती गाठली. डॉक्टरांनी एकच विचारलं, काय दिलं हिला? मी सांगितलं. ते हळूच म्हणाले, "ताई, माणसाची तापाची गोळी मांजरीला विष असते. निदान फोनवर विचारायचं तरी." मानेखाली दुसऱ्या मांजरीनं चावल्याचा फोड होता. फोडून, धुऊन, सुई दिली असती तर भागलं असतं. ती तिथे टेबलावरच गेली.

तुमचा फार राग आला, बाबा. परतताना वाटभर तुमच्याशीच भांडत होते. पण तुम्ही कुठे मांजरीला कधी गोळी दिली होती? बकरीचं मांजरीला लावलं ते मी. शिकलेली, नोकरी करणारी मी.

घरी आले तर आई दारातच उभी. रिकामी पिशवी पाहिली, माझ्या हातातून घेतली आणि तिची घडी घातली. मग म्हणाली, "डॉक्टरकडे काहून नेली वं? तुह्या बाबाची गोळी देली असती त वाचली असती." मी "हो" म्हणाले. ती रोज हेच म्हणते आणि मी रोज हो म्हणते.

हा कागद आता चुलीत घालते. आईला वाचता येतं.