पाहुण्यांच्या खिडकीतला समुद्र

धाकोबा,

परदेशात येऊन वर्ष झालं. तुला पाठवलेले समुद्राचे फोटो माझ्या खोलीतले नव्हेत. मी हॉटेलात खोल्या साफ करतो. पाहुणे गेले की चादरी बदलण्याआधी त्यांच्या खिडकीतून फोटो काढतो. आम्ही सहाजण राहतो त्या खोलीची खिडकी भिंतीसमोर उघडते. फिरलो ते चौथ्या मजल्यावरून पाचव्यावर. शिकलो काय, तर चादरीला सुरकुती ठेवायची नाही. तू फोटो घरोघर दाखवलेस आणि मला खरं बोलायला तोंड उरलं नाही.

"येऊ नकोस" एवढंच लिहायला बसलो होतो. तेवढ्यात तुझा निरोप आला, "दादा, नोकरी सोडली. मला खिडकीजवळची जागा ठेव."

हे पत्र आता खिशातच राहील. "ठेवतो" म्हणून कळवलंय. सोबत आजचा समुद्रही पाठवलाय.

तुझा दादा