चार तासांचं अंतर

३ जानेवारी
थायरॉइड निघाला. मला! तीस वर्षं लोकांच्या चुका काढणाऱ्या मुद्रितशोधकाच्या गळ्यातच चूक? डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी: रोज 'उपाशिपोटी' एक गोळी. 'शि' दीर्घ करून चिठ्ठी परत दिली. बाई हसल्या नाहीत.

५ जानेवारी
एका गोळीने काय ताकद येणार? कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या स्वतःच आणल्या. तिन्ही एकाच घोटात. तीन महिन्यांत ठणठणीत.

६ जानेवारी
बायकोने डबीवरचं वाचून दाखवलं: 'थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवावे.' काय ही भाषा! अंतर कधी तासांत मोजतात? तरी घरात कटकट नको म्हणून थायरॉइडची बाटली बेडरूममध्ये ठेवली, बाकीच्या स्वयंपाकघरात. एक गिळून दुसरीकडे चालत जातो. तेवढाच व्यायाम.

१९ जानेवारी
ताईचं पुस्तक तपासायला घेतलं. भाऊजींच्या आठवणी. ते गेल्यापासून सहा वर्षं लिहीत होती. म्हणाली, बाबा रे, आयुष्यात एकच पुस्तक काढतेय, चूक राहू देऊ नकोस. कोणाला सांगतेय!

२ फेब्रुवारी, दुपारी
एकाच ओळीवर तीनदा डुलकी. ताई लिहितेच संथ. छापखान्यात सगळे पंख्याखाली, मी स्वेटरमध्ये. लोकांना तब्येतीची काळजीच नाही. लोह दुप्पट केलं.

२० फेब्रुवारी
पँटचं बटण लागेना. हल्लीच्या शिंप्यांना मापं घेता येत नाहीत. बायको म्हणते, चेहरा सुजलाय, परत तपासून घ्या. म्हटलं, तेज आहे ते!
ताईची शेवटची प्रुफं वाचून 'छापावे' अशी सही ठोकली. तिला कळवलं: निर्दोष.

१४ मार्च
पुस्तक आलं. अर्पणपत्रिका: 'ह्यांच्या सहवासात माझं आयुष्य फुगलं.'
फुललं हवं होतं. पाचशे प्रती.
मशीनवाल्याला झापायला म्हणून प्रुफं काढली. तिथेही 'फुगलं'च. खाली माझी सही.
ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, पुस्तकाचं राहू दे, तू आधी डॉक्टरकडे चल. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ मार्च
रिपोर्ट. थायरॉइडचा आकडा पाचच्या आत हवा; जानेवारीत अकरा होता, आता अडतीस. बाईंना दोन खोल्यांची व्यवस्था समजावून सांगितली. आज मात्र हसल्या. म्हणाल्या, अहो, गोळ्या घरात नाही, पोटात भेटतात. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडची गोळी अंगी लागूच देत नाहीत. इतके दिवस घेतलीत ती जवळजवळ वायाच गेली.

१७ मार्च
सकाळी सहाला थायरॉइडची. दहाला बाकीच्या. मधले चार तास ताईकडे बसून प्रत्येक प्रतीत 'ग' खोडून वर 'ल' लिहायचा. हे काम माझ्याइतकं नेटकं कोण करणार?
एकवीस प्रती झाल्या. बाविसाव्या प्रतीत 'आयुष्य' खोडलं.
ताईने पेन काढून घेतलं.