डाव्या डोळ्याची परवानगी

काक लोंग,

थोरल्या बहिणीला धाकट्या रिपिनचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? जोहोरला यंदा उकाडा फार म्हणतात, जपून राहा. हे पत्र मेक येमच्या हातचं आहे, कारण माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय आणि उजव्याला लिहायचा कंटाळा आहे. शब्द माझे, अक्षर बायकोचं. (कंस माझे. उजव्यालाही आता धूसरच दिसतं. येम.)

झालं असं, नारळ पाडायला शिकवलेलं आपलं माकड, बुलात, अजून झपझप माडावर चढतं, पण खालून मला जून नारळ कुठला नि कोवळा कुठला, कळेनासं झालंय. परवा त्यानं माझ्याच सांगण्यावरून सगळी शहाळी पाडली आणि वरून असं बघितलं माझ्याकडे, की मला शरम वाटली. (वरचं माकड ह्यांना दिसतं कुठे! तसं बघत होतं, हे मी सांगितलं.)

आता मी काही हट्टी माणूस नव्हे. कोता बारूच्या इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करू. मी अदबीनं सांगितलं, आमच्या बोमोनं, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैद्यानं, हो म्हटल्याशिवाय आमच्या घरात डोळ्याला हत्यार लावत नाहीत. मग बोमोंकडे, म्हणजे आपल्या तोक लेबांकडे गेलो. त्यांनी लिंबू कापलं, कुराणातली आयत म्हणून पाण्यावर फुंकर घातली आणि विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? मी म्हटलं, घाई नाही म्हणतात. असं करत वर्ष गेलं. दोन्हीकडचा मान राखायचा म्हणजे वेळ लागतोच. (मान कसला डोंबलाचा! सुईला घाबरतात हे. आमच्या लेकीला लस टोचली, तेव्हा आडवे हे झाले होते.)

येमला कुठून वास लागला कोण जाणे. गेल्या आठवड्यात तिनं तोक लेबांना भाच्याच्या गाडीत घातलं, मला त्यांच्या शेजारी कोंबलं आणि थेट इस्पितळात नेऊन दोघांना समोरासमोर बसवलं. "माझी हरकत कधीच नव्हती," तोक म्हणाले. बाई म्हणाल्या, "तुमचं मंतरलेलं पाणी डोळ्यात नका घालू म्हणजे झालं. प्यायला माझीही ना नाही." मग दोघं माझ्याकडे बघत बसले. मी म्हटलं, "तोक, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय." तर तोक म्हणतात, "रिपिन, माझे दोन्ही डोळे ह्याच बाईंनी केलेत. तुझी थाप मला आता चष्म्याशिवाय दिसते."

तर मंगळवार ठरला. सोमवारी तोकांच्या लिंबाच्या पाण्यानं आंघोळ, मंगळवारी ऑपरेशन. मी अगदी शांत आहे. (कालपासून जेवण नाही. ताटातला भात बुलातला घालतात.)

तुझा रिपिन

ता. क. जाता जाता एक. तू घरात थोरली, तुझ्या स्वप्नांना मान आहे. मंगळवारबद्दल काही वाईट स्वप्न पडलं, असं येमला फोन करून सांगशील का? तोक स्वप्नं मानतात, आणि बाई तोकांना मानतात. (आणि हे मलाच लिहायला सांगतात!)

ता. क. (येमकडून) पत्र वाचून दाखव म्हणाले, मी कंस गाळून वाचलं. काक लोंग, स्वप्नबिप्न काही बघू नका, रविवारच्या बसनं निघून या. आज दुपारी ह्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, नाकाला नाक लागेपर्यंत जवळ आणलं आणि म्हणाले, "हलू नकोस, बघून ठेवतो." मी खेकसले, म्हटलं, सोडा, भाजी करपतेय. चुलीवर काहीच नव्हतं. या लवकर, मलाही भीती वाटतेय.