एक आवाज, दोन पुंगळ्या

सोमवार, ४ सप्टेंबर
पोचलो एकदाचा रूक्स कोव्हला. गिरणी बंद पडल्यापासून सात महिने बहिणीच्या घरी आयतं खाल्लं, आता कुठे हाताला काम लागलंय. अस्वलाच्या शिकारीचं. शिकार शहरातले साहेब करणार. मी त्यांना मचाणावर बसवायचं आणि अस्वल पडलं की ओढून आणायचं. मालकीण व्हर्ना रम्बोल्ट. नवरा गेल्यावर कॅम्प एकटी चालवते. मला खालून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "लाकडाच्या गिरणीतला ना तू? मग जमेल. अस्वलही ओंडक्यासारखंच ओढायचं असतं, वास तेवढा जास्त."

राहायला जागा ट्रिफीमावशीकडे. वय एकाहत्तर. तिला नात्यातलं इथे कुणी नाही, पण सगळं गाव मावशी म्हणतं. आल्या आल्या तळलेल्या पिठाच्या जाड पोळ्या आणि काकवी पुढ्यात ठेवली, माझ्या पोटाकडे बघितलं आणि विचारलं, "हेडली, हे गिरणीतून घेऊन आलास की आधीपासून होतं?" मी तीन पोळ्या खाऊन उत्तर दिलं. खोलीच्या खिडकीतून खाडी दिसते. फार बरं वाटतंय.

गुरुवार, ७ सप्टेंबर
काम शिकतोय. जंगलात एक पत्र्याचा ड्रम साखळीने झाडाला बांधलेला आहे. त्यात शिळे पाव, डोनट, काकवी आणि वरून माशाचं तेल ओतायचं. अंगाचा वास साबणाने जात नाही. मावशीने मला जेवायला पडवीत बसवलं.

व्हर्नाचा एक नियम आहे, तो तिने माझ्याकडून पाच वेळा म्हणून घेतला. शिकारी मचाणावर, वाटाड्या म्हणजे मी, अर्धा मैल मागे रस्त्यावर. तिथे बसून आवाज मोजायचे. एक आवाज झाला तर अस्वल पडलं, चालत जा. दोन झाले तर ते जखमी असू शकतं, जागचं हलायचं नाही.

मावशीचं वेगळंच. माळरानावर लाल बोरं पिकली आहेत, पण आपली जागा इथे कुणी कुणाला सांगत नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. मावशी तर आपली चार चाकी बाइक मुद्दाम ओढ्याशी लावते, म्हणजे लोक ओढ्याकाठी हिंडत बसतात, आणि ही टेकडीआडून भलतीकडेच. मला डोळा मारून म्हणाली, "बाइक ओढ्याशी दिसली की मी ओढ्याशी नाही, एवढंच लक्षात ठेव. पुढचं विचारलंस तर जॅम मिळणार नाही."

शनिवार, ९ सप्टेंबर
पहिले साहेब आले. डॉक्टर प्रेंटिस, ऑन्टॅरिओचे, दातांचे डॉक्टर. स्वभावाने मऊ. बरोबर आजोबांची दुनळी रायफल. असली चीज मी जन्मात पाहिली नव्हती. जाडजूड दोन नळ्या शेजारी शेजारी, दोन चाप, पुढचा उजव्या नळीचा आणि मागचा डावीचा. मधोमध मोडून दोन काडतुसं भरायची, अंगठ्याएवढी. आजोबा ती हत्तीसाठी वापरत. व्हर्ना माझ्या कानात म्हणाली, की आपल्या अस्वलाने हे ऐकलं तर रुसेल.

गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत त्यांनी निशाण्याच्या फळीवर दोन गोळ्या झाडल्या, एकेक करून, मध्ये खांदा चोळत. दोन्ही बरोबर बसल्या.

मंगळवार, १२ सप्टेंबर
पडलं! माझं पहिलं अस्वल!

नीट लिहून ठेवतो. सकाळी मावशी बादली घेऊन निघाली. बोरं तोडून परस्पर पुढच्या गावी बहिणीकडे जाणार, जॅम करून आठवड्याने येणार. घराची चावी माझ्याकडे. दुपारी तीनला डॉक्टरांना मचाणावर चढवलं आणि रस्त्यावर येऊन बसलो. वारा आमच्या बाजूचा, माश्या कमी. डॉक्टर नंतर म्हणाले, की अस्वल कधी आलं कळलंच नाही. ड्रमशी सावली होती, तिला पाय फुटले. साडेपाचला आवाज झाला. एकच, पण केवढा! झाडांतून माझ्या छातीत येऊन बसला. मी पुन्हा पुन्हा मोजलं. एक. एकच. मग चालत गेलो.

ड्रमपासून दहा पावलांवर पडलं होतं, काळंभोर, तोंडाला काकवी लागलेली. खांद्यामागे एकच भोक. जागच्या जागी गेलं. डॉक्टर मचाणावरून उतरले आणि हसता हसता रडायला लागले. मलाही रडू आलं, का ते सांगता येत नाही. वजन भरलं तीनशे चाळीस पौंड. व्हर्नाने डुकराचं मांस आणि बटाट्यांचं मोठं पातेलं चढवलं. सगळे हसत होते.

मचाणाखाली शेवाळात झाडलेल्या काडतुसांच्या दोन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. एक डॉक्टरांना दिली, एक आठवण म्हणून खिशात टाकली.

बुधवार, १३ सप्टेंबर
डॉक्टर तीन दिवस आधीच गेले. कातडं मागाहून पाठवायला सांगितलं. जाताना रायफल उरलेल्या काडतुसांसकट माझ्या हातात दिली, कागदांवर सही केली. म्हणे, मला आता ती नको, तुला शोभेल. मी थक्क. नको नको म्हणायचं विसरूनच गेलो. सकाळपासून त्यांनी मात्र माझ्याकडे एकदाही सरळ पाहिलं नव्हतं.

गुरुवार, १४ सप्टेंबर
ड्रम भरलेला आहे. मंगळवारी होता तसाच. डोनटला कुणी तोंड लावलं नाही. व्हर्ना म्हणते, असं होतं. अस्वलाला दुसरीकडे काही चांगलं सापडलं असेल तर ते शिळ्या पावाला हुंगत नाही. बोरं असतील म्हणाली, नाहीतर मेलेलं मूस हरीण.

शुक्रवार, १५ सप्टेंबर
मावशीच्या बहिणीचा फोन आला. ट्रिफी अजून तिकडून निघालीच नाही का, विचारत होती.

बाइक ओढ्याशी सापडली. पाऊण गाव तिथे जमलंय. होड्या आणल्या, गळ टाकून डोह ढवळतायत. मीही दोर धरून उभा होतो. माझ्या जिभेवर आलं होतं, की बाइक इथे आहे म्हणजे ती इथे नाही. सांगितलं नाही. कारण मग विचारतील, मग कुठे? आणि खिशात हात घातला तर पुंगळी हाताला लागली.

एक आवाज. दोन पुंगळ्या.

शनिवार, १६ सप्टेंबर
खाणीत जाऊन रायफल झाडून पाहिली. पहिल्यांदा नीट. दुसऱ्यांदा नीट. तिसऱ्यांदा एकच चाप ओढला आणि धक्क्याने मी मागे पडलो. दोन्ही नळ्या रिकाम्या. आवाज एक. धक्क्याने बोट मागच्या चापावर घसरतं, की आतलं काही झिजलंय, देव जाणे. नळ्या उसळून वर गेल्या होत्या. पहिली गोळी फळीत लागली, दुसरी कुठे गेली दिसलंही नाही.

ड्रमच्या मागे टेकडी आहे. टेकडीपलीकडे बोरांचं माळरान.

व्हर्नाला सांगितलं. ती बटाटे सोलत राहिली. म्हणाली, "हेडली, मी कॅम्पात होते. एक आवाज झाला. एक आवाज, एक गोळी, एक अस्वल." मी पुंगळी टेबलावर ठेवली. तिने ती उलटी करून ठेवली. म्हणाली, की कॅम्प बंद होईल, मी तुरुंगात जाईन, आणि दातांचा डॉक्टर वकील करून सुटेल. आणि चार दिवस झाले रे राजा, आता घाई कसली? सोमवारी आपणच टेकडीपलीकडे जाऊन बघू.

मी बरं म्हणालो. मी बरं म्हणालो हे लिहिताना लाज वाटते. पण म्हणालो.

रविवार, १७ सप्टेंबर
आज शिकार बंद असते. सगळे ओढ्यावर. मी ड्रमकडे गेलो.

भरलेला. भोवती पावलं, तीन निरनिराळ्या अस्वलांची. येतात, ड्रमच्या बाजूने जातात, थांबतही नाहीत. सगळी टेकडीकडे. वाट पडली आहे —

अर्ध्या चढावर होतो. वरून आवाज आला. सीगल पक्ष्यासारखा, लांबलचक. समुद्र इथून चार मैल —

पळालो. काटे लागले. घरी येऊन चहा केला, दूध जास्त पडलं, तोच प्यायलो. तिच्या स्वयंपाकघरात. बहिणीकडून आणायच्या जॅमसाठी रिकाम्या बाटल्या धुऊन उपड्या मांडल्या आहेत.

सीगलच असेल.

सोमवार, १८ सप्टेंबर, सकाळी
व्हर्ना आली नाही. ट्रक घेऊन शहरात गेली म्हणतात. एकटाच आलो. एकाच नळीत काडतूस घातलंय, उजव्या. डावी रिकामी.

टेकडीच्या माथ्यावर बसून लिहितो. इथे फोन लागत नाही. ही वही ज्याला सापडेल त्याने ओढ्यात शोधू नये. ड्रमच्या मागून वर या, मोठ्या खडकाशी. खडकावर शिशाचा पांढरा ओरखडा आहे. गोळी इथे लागून खाली वळली.

खडकाखाली मावशीची जागा. बोरंच बोरं, लालभडक. बादली आडवी, तळापर्यंत रिकामी. बोरं सांडलेली नाहीत, खाल्लेली आहेत. तिच्या एप्रनच्या पट्ट्या, रक्ताने कडक झालेल्या, गाठी मारून मारून सोडलेल्या. गोळी गुडघ्याला लागली असावी. काड्यापेटी. फांद्या मोडून मोडून चूल केली होती, भोवती अस्वलांची पावलं, चुलीपासून आठ हात, वर्तुळात. त्याच्या आत एकही नाही. म्हणजे तिने —

राखेत हात घातला. कोमट आहे.

म्हणजे शनिवारी होती. काल होती. काल मी चहा —

काड्यापेटी रिकामी आहे.

चुलीपासून खाली खळग्याकडे शेवाळ ओढल्यासारखं उलटलंय. ताजं. पाणी अजून भरतंय त्यात.

खळग्यात अस्वल आहे. पाठमोरं. मोठं. मंगळवारच्यापेक्षा —

वारा फिरला. ते उठलं, दोन पायांवर.

त्याच्या मागे काहीतरी हललं. हात. मावशीचा हात आहे तो, वर केलाय, अस्वलावर नेम धरला तर ती बरोबर त्याच रेषेत — मला ये म्हणते आहे की मारू नको म्हणते आहे, तेच —