दर्शनाचे तीन तांबे

पनवेल, गुरुवार, १२ मे २०११

आज मंदा मासळीवाली आली, पण टोपलीशिवाय. तिची दर्शना गेली. सतरा वर्षांची. मधुमेह होता, हे इस्पितळात शेवटच्या दिवशी कळलं.

गेल्या महिन्यात ती आईबरोबर दारात आली, तेव्हा तीन तांबे पाणी प्यायली होती. मी म्हणालो, "खाडी संपवतेस की काय?" हसली बिचारी.

त्याच आठवड्यात मी माझ्या सदरात लिहिलं होतं की, तरुणांची साखर वाढते ती नवीन पनवेलच्या लिफ्टवाल्या इमारतींत. खाडीकाठच्या गावांत ती औषधालाही सापडत नाही. वाक्यावर मीच खूश होतो. गावात तपासतंय कोण, म्हणून सापडणार? एवढं साधं मला का सुचलं नाही?

"दादा, तुमचा लेख तिनंच वाचून दाखवला," मंदा म्हणाली. "मी बोलले, बघ, आपल्यात नाय ती बिमारी. उन्हाचा तरास हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता.

मग तिने पाणी मागितलं. भर उन्हात चालत आलेली, तरी अर्धा तांबा प्यायली आणि बस म्हणाली. माणसाची तहान एवढीच असते. आणि मी तीन तांबे मोजले होते.