अबोल्याचा सिनेमा

प्रिय आकांक्षा,

जयभीम. डोळा आता साफ आहे. पट्टी काढल्यावर घरी आली तं पयले काय दिसलं, कोपऱ्यातली जाळी. नव्हतं दिसत तेच बरं होतं. तू फोनवर दोनदा विचारलं, आजी, माझ्या सिनेमाची गोष्ट कशी वाटली, अन् मी दोन्ही वेळा दूध उतू चाललं म्हणून फोन ठेवला. दूध चुलीवर नव्हतंच. तुझा बाप बाजूच्या खोलीत होता, अन् त्याच्यावरच रचलेल्या गोष्टीचं त्याच्या कानाजवळ काय बोलाचं? म्हणून लिहून राहिली. चौथी पास बाईचं अक्षर आहे, सांभाळून वाच.

अमरावतीले तुझ्या राजापेठच्या खोलीत पाहिलेले सिनेमे अजून डोक्यातून गेले नाहीत. डॉक्टरनं डोळ्याले आराम दे म्हटलं, अन् तू मले ल्यापटॉपसमोर बसवलं. मले वाटलं, बदल्याचा सिनेमा म्हणजे कोयते निघतील. तं निघाली ती सैपाकीण. लहानपणी बापानं घराबाहेर काढलेली पोरगी, मोठी होऊन त्याच्याच घरी सैपाकाले येते, अन् बाप तिले ओळखत नाही. तिनं त्याले हात लावला नाही, शिवी देली नाही. रोज फक्त त्याच्या मेलेल्या बायकोच्या हातची चव त्याच्या ताटात वाढली. तो माणूस जेवता जेवता वाळत गेला. भाषा परकी, तू पडद्याखाली लिहून येते ते वाचून सांगत होती, मंग मीच तुले चूप बस म्हटलं. ताटावर बसलेला माणूस घास हातात धरून थांबते तवा त्याले काय झालं, हे मले कोणी वाचून दाखवाले नको.

लहानपणी मी पातूरच्या लेण्यायमंदी एकटीच शिरली होती. आत किती खोल आहे ते दिसत नव्हतं, अन् पाय मागं वळत नव्हता. त्या सिनेमानं तसंच केलं. दुसरा तो, ज्याच्यात माय आपल्या दाढीमिशीच्या पोराले अजून लहान मुलाचे कपडे शिवून घालते, त्यानं तं माझे हात गार पडले. तू पांघरूण देलं, पण थंडी नव्हती वाजत. हे बनवणाऱ्यायले दुसऱ्याच्या घरातलं एवढं कसं दिसते, याचंच मले नवल वाटून राहिलं. आपल्याकडे बदला म्हणजे शेजाऱ्याच्या शेताचा धुरा कोरणं, नाहीतं नळावर बोंबलणं. एवढा दम कोणात आहे?

मंग वाटलं, आहे. आपल्याच घरात होता.

तू दहावीत होती. माझा ललित तुझ्या मायले मारते हे तू तुझ्या मामाले सांगतलं, मामा येऊन तिले अकोल्याले घेऊन गेला. तू परीक्षेसाठी माझ्याजवळ राहिली. त्या दिवसापासून तुझा बाप तुझ्याशी बोलला नाही. एकाच घरात, एकाच पाटीतली भाकर खाऊन. मले म्हणे, त्या पोरीले सांग, फीचे पैसे फळीवर आहेत. त्या पोरीले सांग, लाइट बंद कर. अन् ती पोरगी दोन हातावर बसलेली. तुझी बारावी झाली, तू अमरावतीले गेली, तरी त्याचं तेच. मी दोघायच्या मधात निरोप नेऊन नेऊन थकली. एकदा तं मी बिमार पडली तवा तो उंबरठ्यावरच्या मांजरीले म्हणे, तिले सांग, आजीले गोळी दे. मांजरीनं काही सांगतलं नाही, पण गोळी तू देली.

म्हणून तुझी गोष्ट मले कळली. पण दोन गोष्टी नाही पटल्या. एक, त्याच्यातली आजी पदर तोंडाले लावून रडत राहते. मी कवा रडली? रडाले सवड कोणाले होती? दुसरी, शेवटी ती पोरगी बापाच्या चहात विष टाकते. विष टाकणं सोपं आहे, पोरी. त्या सैपाकिणीनं टाकलं असतं तं तू मले तो सिनेमा दाखवला असता का? तुझा सिनेमा हॉलमंदी दाखवशील तवा बापाले पुढच्या खुर्चीवर बसवणार म्हणते. बदला म्हणूनच बसवणार, हे मले समजते. मी अडवत नाही. त्यानं केलं, त्यानं पाहावं.

आता हे पत्र काहून लिहिलं ते. तू फोनवर गोष्ट वाचून दाखवली तवा मी आवाज मोठा ठेवला होता. ललित मोटर वाइंडिंगच्या दुकानात गेला असं मले वाटलं. तो मागच्या दारात उभा होता, हातात तांब्याच्या ताराचं भेंडोळं. विषाच्या चहापर्यंत पुरं ऐकलं त्यानं. त्या दिवशी जेवला नाही. काल माझ्यासमोर बसला अन् भिताडाकडे पाहून म्हणे, त्या पोरीले विचार, बापाचं काम कोण करणार आहे. मी म्हटलं, तुले काय कराचं? तं म्हणे, बाहेरच्याले नाही जमणार, मी करतो. मी फोन त्याच्या हातात देला, म्हटलं तूच विचार. त्यानं फोनमंदी तुझं नाव काढलं, अंगठा वरच्या वर धरला, अन् फोन मले वापस देला. जे घरात केलं ते लोकायसमोर, उजेडात, पुन्हा कराले हा माणूस तयार आहे, अन् एक बटन त्याच्यानं दाबल्या जात नाही. असं मी तुझ्या कोणत्याच सिनेमात नाही पाह्यलं. तो शिक्षा मागून राहिला का माफी, मले कळत नाही. त्याले तरी कळते का नाही, कोणाले ठाऊक. घे त्याले असं मी म्हणणार नाही, नको घेऊ असंही नाही. घेतलं तं एवढं कर. विष काढून टाक, अन् शेवटी बापाले पोरीकडे पाहून बोलाचं एकच वाक्य लिही. मंग कॅमेरा लाव, तू स्वतः त्याच्यासमोर उभी राय, अन् पाह्य, त्याच्यानं ते होते का.

तुझीच आजी,
चतुराबाई